किमोच्या बाटलीत झाड, पिशवीत हळद

किमोच्या डे-केअर वॉर्डात तासभर बसलं की दोन गोष्टी हमखास दिसतात. स्टँडला टांगलेली सलाइनची बाटली आणि खुर्चीच्या पायाशी ठेवलेली कापडी पिशवी. पिशवीत थर्मास, थर्मासात हळद-मिरी घातलेलं दूध, शिवाय कुणा नणंदेनं आणून दिलेली ‘इम्युनिटी’च्या कॅप्सूलची डबी. डॉक्टरांना ती दाखवायची नाही, कारण ते बंदच करायला सांगतील. बाटलीतलं ते केमिकल, पिशवीतलं ते नैसर्गिक, ही वाटणी मनात पक्की असते.

इतिहास पाहिला तर ती टिकत नाही. स्तनाच्या कर्करोगात वर्षानुवर्षं दिलं जाणारं, पेशंट ज्याला नुसतं ‘लाल औषध’ म्हणतात ते डॉक्सोरुबिसिन, मातीतल्या एका जंतूपासून आलं. इटलीतल्या कास्तेल देल मोन्ते या जुन्या किल्ल्याजवळची ती माती. औषध गेल्यावर लघवी लालसर होते आणि बायका घाबरतात. तो रंग त्या जंतूच्या रंगद्रव्याचा. व्हिनोरेलबिन या आणखी एका किमो औषधाचं मूळ आपल्या अंगणातल्या सदाफुलीत आहे.

आणि तीन-तीन तास थेंबाथेंबानं चढणारं पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे टॅक्सॉल, तर सरळ झाडाच्या सालीतून निघालं. १९६२ मध्ये आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञानं अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू या झाडाची साल गोळा केली. कर्करोगावर चालेल असं काही वनस्पतींत सापडतं का, हे तपासायची तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची मोहीम सुरू होती. साल पोचली नॉर्थ कॅरोलायनात, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांच्या प्रयोगशाळेत. हे वाणी नंदुरबारचे. जन्म १९२५ चा, शिक्षण मुंबई विद्यापीठात, पुढे अमेरिकेत डॉक्टरेट. या जोडीनं आधी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कर्करोगाच्या पेशी मारणारं कॅम्प्टोथेसिन शोधलं आणि १९७१ मध्ये टॅक्सॉलची रचना जगापुढे ठेवली. आपल्या खानदेशातला माणूस इतक्या बायकांच्या सलाइनमध्ये आहे, हे नंदुरबारमध्येही किती जणांना ठाऊक असेल, शंकाच आहे.

टॅक्सॉलचं पुढचं काम रेंगाळलं. ते पाण्यात विरघळेना, शेवटी एरंडेलापासून केलेल्या द्रावकात मिसळावं लागलं. त्या द्रावकानं अ‍ॅलर्जी येते, म्हणून आजही बाटली लावण्याआधी स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. १९७९ मध्ये सुझन हॉर्विट्झ यांनी ते कसं काम करतं हे दाखवलं: पेशी दुभंगताना जे सूक्ष्म नळ्यांचं जाळं उभं राहतं आणि मोडतं, ते हे औषध मोडूच देत नाही, पेशी मधेच अडकते. स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत परवानगी मिळाली १९९४ मध्ये. झाड मंद वाढतं, साल काढली की मरतं आणि सालीत औषध अगदी नगण्य. सुटका झाली ती युरोपातल्या यूच्या पानांमुळे. पानं परत येतात, आणि त्यांतल्या पदार्थापासून टॅक्सॉलही करता आलं आणि त्याचं भावंड डोसेटॅक्सेलही. हिमालयातल्या यूला, म्हणजे थुनेरला, मात्र या मागणीचा चांगलाच फटका बसला.

म्हणजे ‘नैसर्गिक’ पदार्थ बाटलीत आधीपासूनच होता. त्याला आणखी एका नैसर्गिक पदार्थाची जोड द्यावी, ही कल्पना कुठून आली? ती आली किमो फसण्यातून. सुरुवातीला गाठ विरघळते, मग तेच औषध चालेनासं होतं. १९७६ मध्ये कॅनडात ज्युलियानो आणि लिंग यांना अशा निर्ढावलेल्या पेशींच्या भिंतीत एक प्रथिन सापडलं, पी-ग्लायकोप्रोटीन. गळक्या होडीतलं पाणी उपसावं तसं ते आत शिरलेलं औषध बाहेर फेकतं. डॉक्सोरुबिसिन, टॅक्सॉल, सदाफुलीची औषधं, सगळी त्याच्या तडाख्यात. १९८१ मध्ये जपानात दिसलं की रक्तदाबावरच्या व्हेरापामिलनं हा पंप अडतो. मग पंप बंद करणाऱ्या औषधांची रांगच लागली, पण माणसांवर ती पुरी पडली नाहीत. हाच पंप आतड्यात आणि यकृतातही असतो. तो अडला की किमो अंगाबाहेर पडत नाही, आणि मग किमोचाच डोस कमी करावा लागतो. तेव्हा कमी विषारी असं काही स्वयंपाकघरात सापडतं का, याकडे लोक वळले.

हळदीतला पिवळा पदार्थ, कर्क्युमिन, १८१५ मध्येच वेगळा काढला गेला होता. त्याला कर्करोगाच्या संशोधनात मानाचं पान मिळालं १९९५ मध्ये, जेव्हा ह्यूस्टनच्या भरत अग्रवाल यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की पेशीला तगवून धरणारा एनएफ-कप्पा-बी हा स्विच कर्क्युमिननं दबतो. योगायोग असा, की त्याच वर्षी हळदीनं जखम भरण्यावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं ते लढवून १९९७ मध्ये रद्द करवलं. त्या लढाईचा कर्करोगाशी काडीचा संबंध नव्हता. पण ‘हळद आपली आणि हळद औषध’ हे त्यातून घरोघर इतकं ठसलं, की पुढच्या प्रत्येक बातमीला आयतं मैदान मिळालं.

मग दोन उलट निकाल आले. २००५ मध्ये ह्यूस्टनहून: टॅक्सॉलमुळे पेशीत तोच एनएफ-कप्पा-बी चेततो, कर्क्युमिन तो दाबतं, आणि स्तनाच्या कर्करोगाच्या उंदरांत दोन्ही मिळून फुप्फुसातला प्रसार रोखतात. पण तीन वर्षं आधीच, २००२ मध्ये, चॅपल हिलहून नेमकं याच्याविरुद्ध आलं होतं. वाणींच्या प्रयोगशाळेपासून हे गाव जवळच. तिथल्या स्तन-कर्करोगाच्या पेशींत कर्क्युमिननं कॅम्प्टोथेसिन आणि डॉक्सोरुबिसिनचा मारा बोथट केला, आणि ज्या उंदरांच्या खाण्यात कर्क्युमिन होतं, त्यांच्यात सायक्लोफॉस्फामाइड या किमो औषधानं गाठ कमी आटली. काही किमो औषधं पेशी मारतात ती घातक ऑक्सिजन-कण निर्माण करून. ते कण टिपणारा पदार्थ कर्करोगाच्या पेशीलाही वाचवू शकतो. वर्तमानपत्रांतून गाजला तो ह्यूस्टनचा निकाल. अग्रवाल यांचे बरेच शोधनिबंध पुढे नियतकालिकांनी मागे घेतले, त्याची बातमी अशी गाजली नाही.

शिवाय कर्क्युमिन रक्तात जवळजवळ पोचतच नाही. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी काळ्या मिरीतलं पायपरिन सोबत दिलं आणि माणसांच्या रक्तात ते २०००% वाढल्याचं मोजलं. दुधात मिरी घालायला हा आधार मिळाला. पण पायपरिन हे करतं औषधं निकामी करण्याची यकृतातली यंत्रणा मंदावून, आणि पी-ग्लायकोप्रोटीनचा पंपही अडवून. डोसेटॅक्सेल अंगाबाहेर काढते तीच यंत्रणा. म्हणजे हळद-मिरीनं ‘किमोची ताकद वाढते’ हा समज खरा ठरला, तरी तोंड येणं आणि पांढऱ्या पेशी घसरणं हेही त्याच ताकदीचं रूप असू शकतं.

माणसांवरचे प्रयोग मोजकेच. २०१० मध्ये फ्रान्समध्ये १४ जणींना डोसेटॅक्सेलबरोबर कर्क्युमिन दिलं, आणि दर तीन आठवड्यांनी सलग सात दिवस, रोज सहा ग्रॅम, हा डोस ठरला. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के धरलं, तर सहा ग्रॅमसाठी रोज २०० ग्रॅम हळद लागेल. सांगलीच्या हळदीचंही एवढं दूध कुणी पिऊ शकणार नाही. २०२० मध्ये आर्मेनियातून आलेला प्रयोग जास्त दमदार: पसरलेल्या रोगाच्या १५० बायका, निम्म्यांना पॅक्लिटॅक्सेलबरोबर कर्क्युमिन, निम्म्यांना तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं द्रावण. गाठी आटण्याचं प्रमाण ५१% विरुद्ध ३३%. आशादायक आहे, पण तिथं कर्क्युमिन शिरेतून दिलं होतं, पेल्यातून नव्हे, आणि एवढ्याशा संख्येवर उपचाराची पद्धत बदलत नाही.

त्याच २०२० मध्ये अमेरिकेत ११३४ बायकांचा हिशेब लागला. सगळ्यांना लाल औषध, सायक्लोफॉस्फामाइड आणि पॅक्लिटॅक्सेल मिळालेलं. किमोच्या आधी आणि चालू असताना अँटिऑक्सिडंट, म्हणजे ते ऑक्सिजन-कण टिपणाऱ्या, गोळ्या घेणाऱ्यांत रोग परत उद्भवण्याचं प्रमाण जास्त दिसलं. फरक संख्याशास्त्राच्या काठावरचा होता, म्हणजे तो योगायोगही असू शकतो. बी-१२ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत तो जास्त स्पष्ट होता. हे कळलं, कारण त्या बायकांना फॉर्म देऊन विचारलं होतं: घरी काय काय घेता? थर्मासाबद्दल कुणी विचारलं, तर ती खुर्चीतली बाईही सांगेल.