लेखनिक आणि जादा वेळ (विद्यापीठ परीक्षा)

लेखनिक, बोलताना रायटर : ज्या विद्यार्थ्याला दिसत नाही, किंवा हात चालत नाही, किंवा लिहिताना अक्षरं जागेवर राहत नाहीत, त्याने तोंडी सांगितलेलं उत्तर परीक्षेत कागदावर उतरवणारी व्यक्ती. सोबत बहुतेक वेळा जादा वेळही येतो म्हणून दोन्ही एकाच नोंदीत घेतले आहेत, पण दोन्ही सुटेही मागता येतात. स्वतः लिहू शकणारा पण हळू लिहिणारा विद्यार्थी रायटर न घेता फक्त वेळ घेऊ शकतो, हे बऱ्याच सेंटरवर अजूनही समजावून सांगावं लागतं.

सुरुवात

ही सवलत नेमकी कधीची, यावर दोन-तीन मतं आहेत. परीक्षेच्या कामातली मंडळी सहसा 26 फेब्रुवारी 2013 ची केंद्र सरकारची मार्गदर्शक सूचना धरतात, कारण तासाला 20 मिनिटं हा हिशोब देशभरासाठी एकसारखा तिथेच आला, त्याआधी प्रत्येक परीक्षा मंडळ आपापल्या मर्जीने कधी अर्धा तास कधी तास देत असे. कायद्याच्या बाजूने बघणारे 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याकडे बोट दाखवतात. हा कायदा 7 फेब्रुवारी 1996 ला लागू झाला आणि त्याच्या कलम 31 मध्ये अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना सगळ्या शिक्षणसंस्थांनी लेखनिक पुरवावा असं सरळ लिहिलं होतं. तिसरं मत असं की कायदा वगैरे नंतरचा, अंध शाळांतली मुलं मॅट्रिकला बसायला लागली तेव्हापासून कोणीतरी शेजारी बसून लिहून देतच होतं, कायद्याने फक्त शिक्का मारला. तिसऱ्या मतात तथ्य असावं, पण प्राचार्यांच्या मेहेरबानीवर चाललेल्या गोष्टीला हक्क म्हणता येत नाही, त्यामुळे सुरुवात 1996 ची धरणं जास्त बरोबर वाटतं. 2013 ला नियम आला, हक्क आधीच होता.

महाराष्ट्रात आणखी एक धागा आहे जो राष्ट्रीय पातळीवरच्या लिखाणात नीट येत नाही. वाचन-लेखन-गणिताच्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेला (डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया) इथल्या शालेय बोर्डाच्या परीक्षांत 1996 च्या सुमारासच सवलती मिळू लागल्या, त्यात मुंबईच्या हॉस्पिटलांतल्या तपासणी केंद्रांचा मोठा वाटा. पण 1995 च्या केंद्रीय कायद्यात मोजून सात प्रकार होते आणि त्यात हा प्रकार नव्हताच. म्हणजे दहावी-बारावीला ज्याला बोर्डाने वेळ वाढवून दिला तोच मुलगा फर्स्ट इयरला आला की केंद्रीय कायद्याच्या नजरेत धडधाकट. ही फट बुजायला 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा यावा लागला. तो 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे, त्यात 21 प्रकार आहेत आणि अध्ययन अक्षमता त्यातला एक. कलम 17 मध्ये परीक्षेसाठी जादा वेळ, लेखनिक, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशी तिन्ही नावं आहेत.

40 टक्क्यांचा वाद

कलम 17 मध्ये "दिव्यांग विद्यार्थी" एवढंच म्हटलंय, टक्केवारी नाही. 40 टक्के हा आकडा बेंचमार्क दिव्यांगत्वाचा (म्हणजे सर्टिफिकेटवर 40 किंवा जास्त टक्के असणं), आणि तो मुख्यतः आरक्षणासाठी आहे (उच्च शिक्षणात 5 टक्के जागा आणि प्रवेशाच्या कमाल वयात 5 वर्षं सूट, कलम 32). पण 29 ऑगस्ट 2018 च्या नव्या सूचनेत परीक्षेच्या सवलती बेंचमार्कवाल्यांसाठी म्हणून मांडल्या गेल्या आणि तिथून घोळ सुरू झाला. 35 टक्क्यांचं सर्टिफिकेट असलेल्याला सेंटरवरून परत पाठवणं सुरू झालं, कारण बाबूच्या हातातल्या कागदावर 40 लिहिलेलं.

हा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला तो युपीएससीच्या निमित्ताने. विकास कुमार विरुद्ध युपीएससी या खटल्यात 11 फेब्रुवारी 2021 ला कोर्टाने सांगितलं की लेखनिक मिळायला 40 टक्क्यांची अट लावता येत नाही, लिहायला अडचण आहे की नाही ते बघा. त्या उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प होता, म्हणजे पेन धरला की हाताचे स्नायू आखडतात, एरवी माणूस पाहिला तर काहीच कळणार नाही. त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला अवनी प्रकाश खटल्यात नीटच्या परीक्षेत डिसग्राफिया असलेल्या विद्यार्थिनीला हक्काचा जादा तास नाकारला गेला त्याबद्दल कोर्टाने परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला सुनावलं. मग 10 ऑगस्ट 2022 ला केंद्राने 40 च्या खालच्यांसाठी वेगळी सूचना काढली. ती चांगली आहे, पण तिच्यात सर्टिफिकेट एका डॉक्टरचं चालत नाही, डॉक्टरांचं बोर्ड बसावं लागतं, म्हणजे ज्याची अडचण कागदावर कमी त्याची धावपळ जास्त असा उलटा प्रकार झालाय. 3 फेब्रुवारी 2025 च्या गुलशन कुमार निकालात कोर्टाने हेच पुन्हा बजावलं की बेंचमार्क असो वा नसो, सवलत सगळ्या दिव्यांग उमेदवारांना एकसारखी मिळाली पाहिजे.

वेळेचा हिशोब

तासाला कमीत कमी 20 मिनिटं. तीन तासांच्या पेपरला एक तास, अडीच तासांना 50 मिनिटं, दोन तासांना 40. इथपर्यंत कोणाचं भांडण नाही. तासाच्या आतल्या पेपरला, म्हणजे कॉलेजच्या इंटर्नल टेस्टला वगैरे, त्याच प्रमाणात वेळ द्यायचा आणि तो 5 च्या पटीत ठेवायचा असं 2018 ची सूचना सांगते. आता 50 मिनिटांच्या टेस्टला प्रमाणाने येतात 16 मिनिटं 40 सेकंद. 15 द्यायचे की 20? सूचनेत दर "कमीत कमी" म्हणून दिलाय, त्यामुळे 15 दिले तर दर मोडतो, 20 च बरोबर. तरी 15 देणारे सापडतात.

2013 पासून याला सरकारी कागदावर भरपाईचा वेळ म्हणतात, कारण सांगायचं, लिहून घ्यायचं, परत वाचून घ्यायचं यात जो वेळ जातो तेवढाच परत द्यायचा अशी त्यामागची कल्पना. बोलण्यात मात्र सगळे एक्स्ट्रा टाइमच म्हणतात.

रायटर कोण चालतो

सगळ्यात जास्त डोकेदुखीचा भाग हाच. 2013 च्या सूचनेत स्पष्ट होतं की लेखनिकाचं शिक्षण, मार्क, वय यांची अट लावू नका, त्याऐवजी पर्यवेक्षण कडक करा. 2018 ला हे बदललं : विद्यार्थी स्वतःचा रायटर आणत असेल तर तो एक पायरी खालचा पाहिजे, परीक्षा घेणाऱ्याने पुरवला तर परीक्षेच्या किमान पात्रतेपेक्षा जास्त शिकलेला नको, पण मॅट्रिक तरी हवाच.

पायरी म्हणजे काय? वर्ष की पदवी? बी.ए. फायनलच्या मुलाला कोणी सेकंड इयरचा चालवतो, कोणी म्हणतो बारावीवालाच आणा, आणि अक्षरशः धरलं तर बी.ए. फायनलच्या विद्यार्थ्याची हातात असलेली पात्रता बारावी, तिच्या एक पायरी खाली म्हणजे दहावी. तिन्ही अर्थ लावता येतात आणि तिन्ही लावले जातात. एम.एस्सी. गणिताचा पेपर असेल तर इंटिग्रलची खूण कशी काढायची हे माहीत नसलेला रायटर बसवून काय साधणार. कॉपीची भीती खरी आहे, पण ती पर्यवेक्षकाने सांभाळायची गोष्ट, आणि या बाबतीत 2013 चं कलम जास्त शहाणपणाचं होतं असं म्हणायला हरकत नाही.

काही तरतुदी आहेत ज्या कमी लोकांना माहीत असतात. रायटर पेपरच्या दोन दिवस आधी भेटायला मिळाला पाहिजे, पटला नाही तर बदलता आला पाहिजे. वेगवेगळ्या विषयांना वेगवेगळा रायटर चालतो, खासकरून भाषांना, पण एका विषयाला एकच. ब्रेल, कॉम्प्युटर, मोठ्या टायपातला पेपर हे पर्यायही आहेत, कॉम्प्युटर असेल तर तो आदल्या दिवशी तपासून बघायला द्यायचा. नकाशा, आकृती असे बघून सोडवायचे प्रश्न असतील तर अंध विद्यार्थ्याला पर्यायी प्रश्न द्यायचा, कर्णबधिरांना वर्णनात्मकऐवजी वस्तुनिष्ठ.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते बघायचं तर मराठी वाङ्मयाचा पेपर घ्या. मुलगी डोळे मिटून वाक्य सांगते, रायटर लिहितो, मध्येच ती विचारते "कवयित्रीतला यि कोणता काढला?", तो म्हणतो दुसरी, ती म्हणते पहिली कर, मग मागचं वाक्य परत वाच, स्वल्पविराम राहिला. ऱ्हस्वदीर्घाचे मार्क तिचे जातात, चूक कोणाची का असेना. वीस मार्कांच्या उत्तरात असं सात-आठ वेळा होतं आणि भरपाईचा तास यातच संपतो. शेजारच्यांना त्रास नको म्हणून वेगळी खोली देतात, ती बरेचदा स्टाफरूम नाहीतर लायब्ररीचा कोपरा असते, आणि तिथे लोकांची ये-जा सुरूच.

नागपूर

नागपूर विद्यापीठ 4 ऑगस्ट 1923 चं, 2005 पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ. आता कार्यक्षेत्र नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, कारण 1983 ला अमरावती वेगळं झालं आणि 2011 ला गडचिरोलीचं गोंडवाना. परीक्षा हिवाळी आणि उन्हाळी. उन्हाळीचा परिणाम या विषयावर थेट होतो : दुपारी 2 चा पेपर बाकीच्यांचा 5 ला सुटतो, याचा 6 पर्यंत, आणि मे मध्ये पारा 45 च्या आसपास असताना वरच्या मजल्यावरची स्लॅब संध्याकाळीच सगळ्यात जास्त तापलेली असते. दिव्यांगांची बसण्याची सोय शक्यतो तळमजल्यावर करायची हा नियम रॅम्प-लिफ्टच्या विचाराने आला, इथे तो उन्हासाठीही उपयोगी पडतो.

सर्टिफिकेटचं काम मेडिकल आणि मेयोत, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. ऑनलाइन नोंदणी करायची, तपासणीच्या दिवशी ओपीडीत नंबर लावायचा, पुढे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) येतं. दृष्टी किंवा हातापायाचं प्रकरण तुलनेने सरळ, अध्ययन अक्षमतेचं लांबतं, कारण बुद्ध्यांक आणि वाचन-लेखनाच्या चाचण्या वेगवेगळ्या बैठकांत होतात. त्यातही एक मेख आहे. 2018 च्या मूल्यांकन सूचनांप्रमाणे हे सर्टिफिकेट आठव्या वर्षापासून मिळतं, 14 आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी, आणि 18 चं मिळालं की कायमचं. अठरावं वर्ष नेमकं फर्स्ट इयरला लागतं. शाळेतलं सर्टिफिकेट घेऊन गेलेल्या मुलाला पहिल्याच सेमिस्टरला नवं आणा म्हणतात आणि तोवर हिवाळी परीक्षा येऊन ठेपलेली असते. बारावीचा निकाल लागला की लगेच मेडिकलला नोंदणी केलेली बरी, जुलैनंतर प्रवेशाच्या गर्दीत सगळेच एकदम येतात.

रायटर भेटणं हा इथे आजही ओळखीपाळखीचा मामला आहे. धाकटा भाऊ, शेजारचा अकरावीतला पोरगा, कॉलेजचे एनएसएसवाले. दक्षिण अंबाझरी मार्गावरच्या अंध विद्यालयातून आलेल्या मुलांना सवय आणि ओळखी दोन्ही असतात, पण उमरेड, काटोल, तुमसरकडून एकट्याने आलेल्याला पेपरच्या आदल्या रात्रीपर्यंत फोन फिरवावे लागतात. तोंडावर परीक्षा असताना रायटरने नाही म्हटलं तर ऐनवेळी बदल करू द्या हेही सूचनेत आहे. केंद्रप्रमुखाला कागद दाखवायचा, छापून सोबत ठेवायचा, मोबाइलवर दाखवून चालत नाही कारण मोबाइल गेटवरच जमा होतो.

इतर विशेष सवलती

मूकबधिर विद्यार्थ्यांना दुसऱ्या भाषेतून सूट कायद्यातच आहे, पदवीच्या सक्तीच्या भाषा पेपरला ती प्रवेशावेळीच मागावी लागते. यूजीसीने 2022 मध्ये विद्यापीठांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात इमारतींपासून वेबसाइटपर्यंत सगळं येतं. पीएच.डी. च्या 2022 च्या नियमांत महिला आणि 40 टक्क्यांवरच्या दिव्यांग संशोधकांना मुदतीत 2 वर्षांची जादा सूट आहे, आणि महिलांना संपूर्ण काळात 240 दिवसांपर्यंत बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा. खेळाडू, एनसीसी, एनएसएस यांचे वाढीव गुण हा वेगळा विषय, त्याचा लेखनिकाशी संबंध नाही.