प्रोसेसर बदलायचा, की आधी पंखा पुसायचा?

गेम अडखळायला लागला की पहिला संशय प्रोसेसरवर जातो. पण देवगड-मालवणच्या पट्ट्यात, समुद्राची गाज ऐकू येते अशा घरात, तो निर्दोष सुटण्याची शक्यता बरीच असते.

प्रोसेसर प्रत्येक फ्रेमचा हिशेब करतो: कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, कुठली वस्तू कुठे दाखवायची. ग्राफिक्स कार्ड ते चित्र रंगवतं. आंब्याच्या हंगामात एकजण फळ निवडून देतो, दुसरा पेटीत लावतो, तसंच हे. निवडणारा रेंगाळला तर लावणारा बसून राहतो. ६० एफपीएससाठी, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमसाठी, एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ साठी जेमतेम ६.९.

उशीर कोण करतंय, हे फुकटात कळतं. गेमच्या सेटिंगमधलं व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारं), एफपीएसची मर्यादा आणि अपस्केलिंग (लहान चित्र मोठं करून दाखवणारं) बंद करा, एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅमने एफपीएसचे आकडे पडद्यावर आणा. गेममधली गर्दीची एक जागा ठरवा आणि तिथेच मिनिटभर, तीन-तीनदा खेळा. आधी १९२०×१०८० वर, मग १२८०×७२० वर. बाकी सेटिंग तीच. पिक्सेल सव्वादोन पटींनी कमी झाल्यामुळे कार्डाचं ओझं उतरतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. ७२ एफपीएसचे ११० झाले तर कार्ड कमी पडतंय. नव्या प्रोसेसरने फारसं काही हाती लागणार नाही. ७२ चे ७४ च झाले तर प्रोसेसरची बाजू अडलीय. ‘बाजू’ अशासाठी, की रॅम आणि कूलरही त्यातच आले.

टास्क मॅनेजरमधल्या ‘सीपीयू ४० टक्के’वर जाऊ नका. १२ थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी कामाच्या १२ रांगा चालवणाऱ्या, प्रोसेसरमध्ये एक थ्रेड गच्च भरला तरी एकूण आकड्यात त्याचे ८ टक्केच दिसतात, आणि बऱ्याच गेमचा मुख्य भार एकाच थ्रेडवर असतो.

आता रॅम. एकच स्टिक लावलेली असेल तर डेटाचा अर्धा रस्ता बंद असतो. दोन सारख्या स्टिक बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवतात. पाकिटावर ३२०० लिहिलेली डीडीआर४ रॅम बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापील वेग देणारं सेटिंग, चालू केल्याशिवाय बरेचदा २१३३ किंवा २६६६ वरच चालते.

किनाऱ्याचा हात दिसतो तो उष्णतेत. खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण केसमध्ये शिरतात. सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून त्यातच विरघळतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते त्यामुळेच. केसमधली धूळही मग ओलसर होऊन हीटसिंकच्या (कूलरच्या धातूच्या) पात्यांना चिखलासारखी चिकटते आणि नुसत्या ब्लोअरने निघत नाही. मशीन बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करावी लागते. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवरून खोडरबर फिरवून तेच अल्कोहोल लावा.

मग वीस मिनिटं खेळून प्रोसेसरची घड्याळगती, म्हणजे कामाचा वेग, पाहा. एएमडीचा रायझन ५ ५६०० कमाल ४.४ गिगाहर्ट्‌झपर्यंत जातो आणि ९० अंशांजवळ आपणहून वेग कमी करतो. सुरुवातीला ४.४ च्या आसपास असलेली गती पुढे ३.६ वर घसरली आणि तापमान नव्वदीला टेकलं, तर प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट बदला, वाटाण्याएवढी पुरते.

एवढं करूनही प्रोसेसरच अडत असेल, आणि मॉनिटर ६० हर्ट्‌झपेक्षा वेगवान असेल, तर सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची खोबण, बघा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवाले नशीबवान. रायझन ५ २६०० च्या जागी ५६०० बसतो, बोर्ड-रॅम तीच. प्रोसेसरमधली वेगवान मेमरी (एल३ कॅशे) १६ एमबी, तीही दोन तुकड्यांत, त्याऐवजी सलग ३२ एमबी मिळते. गेमला याचा फायदा मोठा, कारण हवा तो डेटा कॅशेत सापडला नाही तर रॅमपर्यंतच्या फेरीत प्रोसेसरची शेकडो आवर्तनं वाया जातात. इंटेलच्या आठव्या-नवव्या पिढीवाल्यांनी मात्र त्याच बोर्डासाठी जुना प्रोसेसर शोधण्यापेक्षा बोर्डासकट बदलण्याचा हिशेब मांडावा. लॅपटॉपमध्ये हल्ली तो सोल्डर केलेलाच असतो, विषय संपला.

नव्या प्रोसेसरसाठी लागणारा बायोस अपडेट जुना प्रोसेसर काढण्याआधी करायचा. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर हे काम काढूच नका. मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचा झोपू शकतो. गेम चालू असताना मान टाकणारा ६०० व्हीएचा यूपीएसही बायोसपुरता सहसा पुरतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, नवा प्रोसेसर लागल्यावर ती मागितली जाऊ शकते.

एएम४ चा कूलर थंड असताना सरळ वर ओढला तर सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर लॉक असलेल्या सॉकेटमधून उपटून येऊ शकतो आणि पिना वाकू शकतात. आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा, मशीन बंद करून प्लग काढा, कूलर डावी-उजवीकडे हलके पिळा, सुटला की उचला. बायोस अपडेटनंतर एक्सएमपी बहुधा पुन्हा बंद झालेलं असतं; ते चालू केल्याशिवाय नवे आकडे जुन्यांशी ताडू नका.