एलआरओ बंद करा, जीआरओला हात लावू नका

पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठेही लिनक्सचा राउटर रखडला की सल्ला ठरलेला: "ऑफलोड बंद कर." ऑफलोड म्हणजे पॅकेटं कापण्या-जोडण्यातून प्रोसेसरचं काम हलकं करणारी सोय. त्यातला कुठला, ते सांगायची तसदी कोणी घेत नाही. मग टीएसओ, जीआरओ, एलआरओ सगळे एका दमात बंद होतात, नेट धावू लागते, आणि पर्यटकांचा हंगाम सुरू होऊन हॉटेलातल्या खोल्या भरल्या की प्रोसेसर का तापतोय म्हणून पुन्हा फोन.

टीएसओ (टीसीपी सेगमेंटेशन ऑफलोड) ठाऊकच असेल: जाताना मोठा तुकडा नेटवर्क कार्ड स्वतः कापते. एलआरओ (लार्ज रिसीव्ह ऑफलोड) आणि जीआरओ (जेनेरिक रिसीव्ह ऑफलोड) उलट बाजूचे, येणारी छोटी पॅकेटं जोडून मोठं करणारे. इथवर दोघे सारखे. त्यापुढे "एलआरओ हार्डवेअरमधला, जीआरओ सॉफ्टवेअरमधला" असं जे सांगितलं जातं ते विसरून जा. लिनक्सच्या कर्नलात, म्हणजे गाभ्यात, सॉफ्टवेअरमधला एलआरओही होता, आणि जीआरओ (२००९, कर्नल २.६.२९) आज काही कार्डं हार्डवेअरमध्येही करतात.

खरा प्रश्न एकच: जोडलेलं पुन्हा जसंच्या तसं सुटं करता येतं का?

चतुर्थीची माटोळी बघा. नारळ, तोरिंजन, सुपारीचा घोस, सगळं एकत्र टांगलेलं, पण सोडवलं की प्रत्येक फळ अखंड हाती येतं. तो जीआरओ. खतखतं शिजल्यावर त्यातला सुरण परत मागता येत नाही. तो एलआरओ.

जीआरओ पॅकेटं जोडतो ती कडक अटींवर: मॅक हेडर (कार्डांचे पत्ते) तेच, टीटीएल (पॅकेटला उरलेले टप्पे) तोच, टीसीपीचे टाइमस्टॅम्पसकट पर्याय तेच, शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा एकाच मापाचा. ते माप तो गठ्ठ्यावर लिहूनही ठेवतो. त्यामुळे पुढे पाठवताना जीएसओ (कापण्याचं तेच काम सॉफ्टवेअरमध्ये करणारा) किंवा टीएसओ गठ्ठा मूळ मापाने कापतो. एलआरओ अटींबाबत ढिला. हेडरमधले बारकावे त्यात गळतात. पॅकेट याच मशीनवर संपणार असेल तर चालून जातं. पण राउटर किंवा ब्रिजने ते पुढे द्यायचं असेल, तर १५०० बाइटांच्या एमटीयूसमोर (पॅकेटच्या कमाल मापासमोर) चार-पाच हजार बाइटांचं धूड उभं राहतं. पिंग चालतो, छोटी पानं उघडतात, डाउनलोड मात्र मरतं. आणि दोष केबलवाल्याच्या माथी जातो!

म्हणूनच फॉरवर्डिंग किंवा ब्रिज चालू केला की कर्नल आपणहून एलआरओ बंद करायला सांगतो. गाडी अडते ती ते न ऐकणाऱ्या ड्रायव्हरवर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामवर. अशा वेळी डीमेसेज, म्हणजे कर्नलचे संदेश, वाचा. "रिसीव्ह्ड पॅकेट्स कॅनॉट बी फॉरवर्डेड व्हाइल एलआरओ इज एनेबल्ड" दिसलं, तर गठ्ठ्यावर जीएसओ-साइझ (तुकड्याचं माप) आहे पण जीएसओ-टाइप (गठ्ठ्याचा प्रकार) भरलेला नाही. कर्नल असं पॅकेट टाकून देतो. "ड्रायव्हर हॅज सस्पेक्ट जीआरओ इम्प्लिमेंटेशन" दिसलं, तर बहुधा गठ्ठा मोठा आला पण त्यावर माप लिहिलेलंच नाही, आणि टीसीपीची वेग ठरवण्याची गणितं त्यामुळे बिघडतात. दोन्हींचा इलाज ड्रायव्हरमध्ये: साइझ, टाइप आणि तुकड्यांची संख्या नीट भरायची, आणि ते जमत नसेल तर त्या सोयीला जीआरओ म्हणून मिरवायचं नाही.

टीसीपीडम्पमध्ये (पॅकेटं पकडून दाखवणाऱ्या साधनात) २८९६ लांबीचं पॅकेट पाहून घाबरणाऱ्यांसाठी: पकड जीआरओच्या नंतर होते, १४४८ चे दोन तुकडे एकत्र दिसतात. तो बिघाड नाही.

कार्डाच्या या सोयी ईथटूल या कमांडने हाताळतात: त्यात छोटा के (-k) दाखवतो, मोठा के (-K) बदलतो. सोयीच्या नावापुढे "फिक्स्ड" असेल तर ती बदलता येत नाही, हट्ट सोडा. राउटरवर आधी फक्त एलआरओ बंद करून बघा. फरक पडला नाही तर हार्डवेअर जीआरओ, म्हणजे आरएक्स-जीआरओ-एचडब्ल्यू, बंद करा. साधा जीआरओ मात्र चालूच ठेवा, कारण त्यामुळे मार्ग शोधण्याचं काम प्रत्येक पॅकेटमागे न होता गठ्ठ्यामागे एकदाच होतं, आणि जुन्या डेस्कटॉपचा राउटर करणाऱ्यांना ती बचत सर्वांत जास्त लागते.