लायनर टाकलं की हौदा गंजत नाही?

पिकअपच्या हौद्यात (माल भरायच्या मागच्या भागात) प्लास्टिकचं लायनर, म्हणजे आतून बसणारं आवरण, टाकलं की पत्रा कधीच गंजत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. समज अगदीच निराधार नाही. पोचे आणि ओरखडे ते खरंच वाचवतं. पण सुटं लायनर पत्र्याला चिकटलेलं नसतं. हादऱ्यांनी ते हलत राहतं, मध्ये शिरलेली रेती पॉलिश पेपरसारखी रंग घासते आणि अडकलेलं पाणी लवकर वाळत नाही. गंज तिथूनच चढतो, वरून काहीच दिसत नाही. खात्री करायची तर गाडी धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी लायनर उचला. कोपरे आणि स्क्रूची भोकं आधी बघा. याउलट, सुट्या लायनरऐवजी फवारून बसवलेला लायनरचा थर पत्र्याला चिकटतो, पाण्याला खाली वाव उरत नाही. अर्थात जुना गंज न खरवडताच फवारला, तर तोही सुटतो.