‘बिअर काय दारू शे का भाऊ?’

भुसावळ-जळगावकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. ‘दारू सोडली, आता फक्त बिअर. तीही उन्हासाठी, अंगाला थंडावा म्हणून.’

आधी हिशोब बघू. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली, त्यात ८ टक्के अल्कोहोल धरा, म्हणजे ५२ मिली. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमध्ये ४२.८ टक्क्यांनी सुमारे २६ मिली. एक बाटली म्हणजे दोन मोठे पेग! लिव्हर बाटलीचं लेबल वाचत नाही.

थंडाव्याचं म्हणाल तर गार लागते ती फ्रिजमुळे. लघवी आवरून धरणारं एक संप्रेरक मेंदूकडून येतं, त्याला अल्कोहोल दाबतं. मग लघवीच्या चकरा वाढतात आणि घामाने आधीच आटलेल्या अंगातलं पाणी आणखी जातं. उष्माघाताचा धोका वाढतो. मुतखड्यासाठी बिअर हेही याच कारणाने औषध नव्हे. (मठ्ठा, पन्हं स्वस्तही पडतं.)

सोडायचीच असेल तर एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या शपथेवर एकदम बंद करू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, काहींना फिट येते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना किती पितो ते खरं सांगा, गोळ्यांच्या आधाराने सोडता येते. अधूनमधून घेणाऱ्याला एवढी भीती नाही. आणि दारूच्या जागी गुटख्याची पुडी धरणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.