नवी माउंटन स्लेड घेतली की पहिल्या राइडला जमतच नाही, त्यामागची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या डोंगरांत जुनी माउंटन स्लेड (डोंगरातल्या खोल बर्फासाठीची स्नोमोबाइल, पुढे दोन स्की आणि मागे फिरणारा पट्टा म्हणजे ट्रॅक) विकून नवी घेणाऱ्यांचं बोलणं ऐकलं की एक तक्रार हमखास येते, पहिल्या एकदोन राइडला मशीन आवडतच नाही. पॉवर जास्त आहे, वजन कमी आहे, सस्पेन्शन मस्त आहे हे सगळं मान्य, पण साइडहिलला, म्हणजे उतारावर आडवं जाताना, स्लेड हातात येत नाही, मध्येच कलंडते, नाक वर जातं, दमायला होतं, आणि इतके हजार डॉलर घालून काय मिळवलं असं वाटतं. आणि मग काही आठवड्यांनी तोच माणूस जुन्या स्लेडवर बसला की म्हणतो, अरे हा तर लाकडाचा ओंडका आहे, ह्यावर मी इतकी वर्षं काढली कशी. हे इतक्या लोकांच्या बाबतीत होतं की त्याला योगायोग म्हणता येत नाही. माझं स्पष्ट मत असं की याचं उत्तर इंजिनात नाही, बसण्या-उभं राहण्याच्या जागेत आहे, आणि ती जागा गेल्या पंचवीसेक वर्षांत इतक्या वेळा सरकली आहे की प्रत्येक नव्या पिढीच्या मशीनवर अंगाला लागलेली जुनी सवय आधी मोडावी लागते.

मुळात हे वाहन डोंगरासाठी नव्हतंच. विस्कॉन्सिनमधल्या सेनर गावच्या कार्ल एलियासननं १९२४ मध्ये मोटर लावलेली टोबॉगन, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, बनवली, १९२७ मध्ये तिचं पेटंट मिळालं. क्वेबेकमधल्या व्हॅल्कोर्टच्या जोसेफ-आर्मां बोंबार्डिएनं पंधराव्या वर्षी, १९२२ च्या शेवटी, फोर्ड मॉडेल टीचं इंजिन आणि मागे पंखा लावून बर्फावर चालणारं पहिलं वाहन चालवून दाखवलं होतं. पुढे १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा गेला, कारण रस्ते बर्फानं बंद होते आणि हॉस्पिटलपर्यंत पोचायला साधनच नव्हतं. ही गोष्ट वाचली की आजही गलबलतं. १९३७ मध्ये त्याला स्प्रॉकेट आणि ट्रॅकच्या रचनेचं पेटंट मिळालं आणि सात माणसं, बारा माणसं बसतील अशा बंद गाड्या निघाल्या, ज्या डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं यांच्यासाठी वापरल्या गेल्या. १९४८ मध्ये क्वेबेकनं हिवाळ्यात रस्ते साफ ठेवायचा कायदा केला तसा हा धंदा बसला, आणि १९५९ मध्ये आली छोटी, हलकी, एकट्यादुकट्यानं चालवायची स्की-डू. तिकडे मिनेसोटातल्या रोझो गावात हेटीन बंधू आणि डेव्हिड जॉन्सन यांनी पोलारिस उभी केली. त्यातल्या एडगर हेटीननं १९६० मध्ये अलास्कात बाराशे मैलांच्या आसपास लांबीचा प्रवास करून ही मशीनं टिकतात हे दाखवलं, आणि नंतर पोलारिस सोडून थीफ रिव्हर फॉल्समध्ये जी कंपनी काढली तीच आर्क्टिक कॅट.

म्हणजे बघा, क्वेबेक, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, सगळा सपाट किंवा जंगलाचा मुलूख. गोठलेली तळी, शेतं, जंगलातले दाबलेले ट्रेल. मशीनही तशीच, मागे गादीवर बसायचं, पाय पुढे सोडायचे, हँडल धरून गाडी चालवल्यासारखं जायचं. १९७१ मध्ये उत्तर अमेरिकेत पाच लाखांच्या जवळपास स्नोमोबाइल विकल्या गेल्या आणि शंभरावर कंपन्या त्या बनवत होत्या, मग तेलाचं संकट आलं, बर्फ कमी पडलेले हिवाळे आले आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हातावर मोजण्याइतक्या कंपन्या उरल्या. पोलारिस १९६८ पासून टेक्स्ट्रॉनकडे होती, १९८१ मध्ये तिच्याच मॅनेजमेंटनं ती विकत घेतली, आर्क्टिक कॅटचं त्याच सुमारास दिवाळं निघालं आणि दोनेक वर्षांत ती परत उभी राहिली. टेक्स्ट्रॉनचं नाव लक्षात ठेवा, पुढे परत येतंय.

डोंगरातले लोक, म्हणजे आयडाहो, मोंटाना, वायोमिंग, कोलोरॅडो, ब्रिटिश कोलंबिया इथले, ते हीच ट्रेलवाली मशीनं घेऊन वर जायचे आणि अडकायचे. कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात आखूड ट्रॅक खणत खाली जातो आणि मागे बसलेल्या माणसाचं वजन त्याला अजून खाली दाबतं. म्हणून लोक स्वतःच बोगदा, म्हणजे ट्रॅकच्या वरचा तो अ‍ॅल्युमिनियमचा लांब भाग, कापून वाढवायचे, लांब ट्रॅक घालायचे, उंच लग (ट्रॅकवरचे दात) असलेले पट्टे शोधायचे. कंपन्यांनी हे बघितलं आणि नव्वदच्या दशकात खास डोंगरासाठी मॉडेलं काढली, स्की-डूची समिट, पोलारिसची आरएमके, आर्क्टिक कॅटची माउंटन कॅट, यामाहाची माउंटन मॅक्स. पण माझ्या मते ही अजूनही ट्रेल स्लेडच होती, फक्त लांब केलेली. माणूस बसायचा तिथेच बसत होता.

खरा बदल २००३ च्या मॉडेलला झाला, स्की-डूच्या रेव्ह चॅसीनं, म्हणजे नव्या सांगाड्यानं. त्याआधीच्या सीझनमध्ये ब्लेअर मॉर्गननं याचं प्रोटोटाइप स्नोक्रॉस शर्यतींत पळवलं होतं आणि जिंकत होता, लोकांना दिसत होतं की हा माणूस बराच पुढे आणि उंच बसलाय, गुडघे खाली, हात पुढे, क्षणात उभा राहू शकतो. समिटमध्ये हे आलं तेव्हा डोंगरातल्या जुन्या लोकांच्या प्रतिक्रिया अगदी दोन टोकांच्या होत्या, कारण मागे बसून हँडल ओढत चालवायची सवय असलेला माणूस पुढच्या जागेवर आला की स्लेडचं सगळं गणितच बदलतं, वजन स्लेडच्या मध्यावर येतं आणि अंग थोडं जरी कललं तरी मशीन कलतं. आर्क्टिक कॅटची एम सिरीज २००५ ला आली, पोलारिसची प्रो-आरएमके २०११ ला, ज्यात सांधे चिकटवलेली अ‍ॅल्युमिनियम चॅसी आणि कार्बन फायबर होतं, आणि वजन उतरवण्याची शर्यत सुरू झाली. २०१३ च्या समिटला मागचं सस्पेन्शन बाजूला लवचिकपणे कलेल अशी रचना आली, २०१९ ला आर्क्टिक कॅटनं मागे ट्रॅक ज्यांवरून सरकतो त्या दोन रेलऐवजी एकच बीम घातला. सगळ्यांचा रोख एकच, माणसानं कमी ताकदीत मशीन एका कडेवर उभं करावं आणि तिथेच धरून ठेवावं.

आता साइडहिल करताना नेमकं काय होतं ते जरा जवळून सांगतो, कारण तक्रारी इथूनच येतात. समजा उतार डावीकडे चढतोय. डाव्या, म्हणजे वरच्या बाजूच्या रनिंग बोर्डवर (पाय ठेवायच्या कडेच्या पट्टीवर) उभं राहायचं, आणि हँडल खालच्या बाजूला, उजवीकडे वळवायचं, म्हणजे उलटं. त्यानं स्लेड वरच्या बाजूला कलते, वरची स्की बर्फात धरते आणि ट्रॅकची एक कड उतारात खोबणी करते. बरेच जण उजवा पायच डाव्या बोर्डवर ठेवतात आणि डावा पाय बाहेर मोकळा सोडतात. जुन्या रुंद स्लेडला, जिच्या दोन स्कींमधलं अंतर चाळीस इंचांच्या वर होतं, हे करायला अक्षरशः पूर्ण अंगानं लोंबकळावं लागायचं. आजच्या माउंटन स्लेडला ते अंतर छत्तीस इंचांच्या आसपास असतं, शिवाय मागचं सस्पेन्शन कलतं, त्यामुळे तेवढाच जोर लावला की मशीन पलीकडे पडतं आणि माणूस म्हणतो ही स्लेड अस्थिर आहे. अस्थिर नाही, तुम्ही तिला जुन्या स्लेडइतकं ओढताय. हे कळायला डोक्याला एक मिनिट लागतं पण खांद्यांना आणि पायांना बराच वेळ लागतो, आणि म्हणूनच डोंगरात राइडिंगच्या क्लिनिक चालतात, आयडाहोचा ब्रेट रासमुसेन तर यासाठीच ओळखला जातो.

ट्रॅकचंही तसंच. ट्रेल स्लेडचा ट्रॅक पूर्वी १२१ इंच असायचा, आज डोंगरात १४६ पासून १७५ पर्यंत मिळतो आणि लग अडीच ते तीन इंच. लांब ट्रॅक तरंगतो, चढतो, चूक पोटात घालतो, पण झाडांमध्ये वळवायला जड जातो, आखूड ट्रॅक नाचतो पण चढावर खणतो. १६३ वरून १५४ वर आलेला माणूस आणि १५४ वरून १६५ वर गेलेला माणूस एकाच मॉडेलबद्दल अगदी उलट बोलतात आणि दोघंही खरं बोलत असतात, म्हणून कुणाचाही अनुभव वाचताना आधीची स्लेड कुठली, ट्रॅक किती, राइडरचं वजन किती हे बघितल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही असं मला ठामपणे वाटतं.

उंचीचा मुद्दा वेगळा आणि मोठा. हवा विरळ झाली की इंजिनची ताकद दर हजार फुटांना अंदाजे तीन टक्के कमी होते, म्हणजे समुद्रसपाटीला १६५ हॉर्सपॉवर देणारं इंजिन ९,००० फुटांवर १२० च्या आसपास येतं. कार्ब्युरेटरच्या काळात लोक उंचीप्रमाणे जेट (इंधन सोडणारी छोटी भोकं) बदलायचे, क्लचमधली वजनं आणि स्प्रिंग बदलायचे. इंधन इंजेक्शननं जेटची कटकट संपवली, क्लचची नाही. ताकद परत मिळवायला लोक बाहेरून टर्बो किट बसवायचे, त्यात रेस फ्युएल, ट्युनिंग, गेलेली वॉरंटी आणि जळालेले पिस्टन हे सगळं ओघानं यायचं. २०२० च्या मॉडेलला स्की-डूनं कारखान्यातूनच टर्बो लावलेलं टू-स्ट्रोक दिलं, ८,००० फुटांपर्यंत १६५ हॉर्सपॉवर टिकवणारं, आणि २०२२ ला पोलारिसनं मॅट्रिक्स प्लॅटफॉर्मवर पॅट्रियट बूस्ट हे आपलं टर्बो इंजिन आणलं. टर्बोवर गेलेल्यांचे अनुभव बघितले तर आनंद ताकदीचा असतोच, पण त्याहून जास्त वेळा हे ऐकू येतं की काही न करता ती रोज एकसारखी चालते.

या ताकदीची दुसरी बाजूही इतिहासाचाच भाग आहे. १३ मार्च २०१० ला ब्रिटिश कोलंबियात रेव्हलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर स्नोमोबाइलवाल्यांचा मोठा जमाव असताना हिमस्खलन झालं, दोघं गेले आणि कितीतरी जखमी झाले. जितकी स्लेड चांगली तितका माणूस सहज अशा उतारावर पोचतो जिथे पूर्वी फक्त अगदी मुरलेले लोक जायचे. नवी स्लेड घेताना बीकन (बर्फाखालचा माणूस शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी), फावडं, एअरबॅग यांचे पैसे त्याच बजेटमध्ये धरा आणि हिमस्खलनाचा कोर्स करा, हे मी कळकळीनं सांगतो.

वजनाबद्दल एक. कंपन्या जो आकडा छापतात तो कोरडा असतो. त्यात अकरा गॅलन पेट्रोल घाला, म्हणजे ६५ पौंडांहून जास्त, वर कूलंट, ऑइल, बोगद्यात आणि बोर्डांवर चिकटलेला बर्फ. त्यामुळे जाहिरातीतल्या पंधरा-वीस पौंडांच्या फरकावरून ब्रँड बदललेल्या माणसाला बर्फात तो फरक जाणवत नाही आणि तो चिडतो. त्यापेक्षा वजन कुठे आहे, इंजिन किती मागे आणि खाली आहे, याचा फरक कितीतरी जास्त जाणवतो.

आणि सेटअप. डीलरकडून आलेली स्लेड कुणातरी सरासरी राइडरसाठी लावलेली असते. सस्पेन्शनच्या पुढच्या आर्मला एक पट्टा असतो, लिमिटर स्ट्रॅप, तो एक भोक आखडला की स्कींवर वजन येतं आणि चढावर नाक खाली राहतं, सैल केला की पुढचा भाग हलका होतो आणि चाक उचलल्यासारखी स्लेड उभी राहते. दहा मिनिटांचं काम, पण पहिल्या राइडनंतर ‘ही सारखी उभी राहते’ म्हणणाऱ्या कितीतरी लोकांनी त्याला हातच लावलेला नसतो. हँडलची उंची, स्प्रिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब), टणक बर्फावर इंजिन गार राहण्यासाठी स्क्रॅचर (बर्फ खरवडून उडवणाऱ्या तारा) खाली सोडणं, हेही तसंच.

बदलण्याची वेळ आता अनेकांवर इच्छेविरुद्धही आली आहे. चांगली मॉडेलं वसंतात, आधीचा बर्फ वितळायच्या आत, बुक करावी लागतात आणि हातात येतात पुढच्या थंडीच्या तोंडावर, म्हणजे बहुतेक जण न चालवताच घेतात. त्यात यामाहानं २०२३ मध्ये जाहीर केलं की २०२५ च्या मॉडेलनंतर उत्तर अमेरिकेत स्नोमोबाइल बंद. आणि तीच टेक्स्ट्रॉन, जिनं २०१७ मध्ये आर्क्टिक कॅट घेतली होती, तिनं २०२४ च्या शेवटी उत्पादन थांबवायचं ठरवलं, २०२५ मध्ये कंपनी जुन्या अधिकाऱ्यांच्या गटानं विकत घेतली. त्यामुळे वर्षानुवर्षं यामाहाच्या फोर-स्ट्रोकवर असलेले लोक आता टू-स्ट्रोककडे येतायत आणि त्यांचं जुळवून घेणं सगळ्यात मोठं आहे. थ्रॉटल सोडल्यावर इंजिन जे धरून ठेवायचं ते आता तितकं धरत नाही, उतारावर ब्रेक आधी लावावा लागतो, ऑइलची टाकी भरत राहावी लागते, आणि स्लेड इतकी हलकी की पहिले काही दिवस प्रत्येक वळणाला जास्तच कलते.