चार राण्या, चार हात

मेंढीकोटाची पानं हातात आली की आपली नजर आधी एक्क्यांवर जाते, मग मेंढ्यांवर, म्हणजे दहाच्या पानांवर. राणी पंख्यात कुठेतरी मध्ये खोचली जाते आणि राजा तिला मारून नेईपर्यंत तिची आठवणही होत नाही. एकदा चारही राण्या कॅटमधून काढून उजेडात शेजारी शेजारी मांडा. नेहमीच्या इंग्रजी धर्तीच्या पत्त्यांत चौघींच्या हाती फूल दिसेल. इस्पिकच्या राणीकडे मात्र फुलाच्या जोडीला राजदंडही आहे. तो बाकी तिघींपैकी एकीकडेही नाही.

पत्त्यांच्या दरबारात राणी उशिरा आली. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या काळातले पत्ते जपून ठेवले आहेत. त्यांतही चार रंग आणि एकूण ५२ पानं धरलेली आहेत, पण दरबारात राजा, त्याचा नायब आणि दुय्यम नायब, एवढेच. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफ्यातही तेच. दशावतारी गंजिफ्याच्या १२० गोल पानांत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहाची पानं. राणी नाहीच. १३७०च्या दशकात पत्ते युरोपात पोचले, तेव्हाही स्पेनने राजा, घोडेस्वार आणि शिपाई असं त्रिकूट धरलं, जर्मनांनी राजाच्या हाताखाली दोन सरदार ठेवले. त्यांच्या पारंपरिक पत्त्यांत आजही राणी सापडत नाही.

म्हणजे तिथे तिची कल्पनाच कुणाला सुचली नाही असं नव्हे. जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या संग्रहालयात १४३०च्या सुमाराचा हाताने रंगवलेला एक जोड आहे. त्यातल्या चार रंगांपैकी दोन रंगांची प्रमुख राणीच आहे. ती रीत पुढे टिकली नाही, एवढंच. राणी टिकवली ती फ्रेंचांनी. राजा, राणी, गुलाम हा त्यांचा दरबार, शिवाय इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर ही सोपी चिन्हं इंग्लंडने उचलली आणि इंग्रजांबरोबर ती जगभर गेली. फ्रेंचांनी राण्यांना नावंही दिली. बदामची ज्युडिथ, चौकटची रेचेल, इस्पिकची पॅलस म्हणजे ग्रीकांची अथेना, आणि किलवरची आर्जिन. पहिल्या दोघी बायबलच्या परंपरेतल्या, तिसरी ग्रीक पुराणातली. आर्जिन मात्र कुठल्याच कथेतली वाटत नाही. लॅटिनमध्ये राणीला रेजिना म्हणतात आणि त्याच शब्दाची रोमन अक्षरं उलटसुलट केली की आर्जिन तयार होतं.

राज्यक्रांतीनंतर, १७९३-९४मध्ये, पॅरिसमध्ये निघालेल्या एका जोडातून राजघराणंच हद्दपार झालं. राण्यांच्या जागी चार स्वातंत्र्यं आली. धर्माचं, विवाहाचं, छपाईचं आणि व्यवसायाचं. राणीच्या जागी स्त्रीरूपातलं स्वातंत्र्य बसवावं, हे मला आजही फार देखणं वाटतं. खेळणाऱ्यांना मात्र जुनाच दरबार हवा होता आणि काही वर्षांत राण्या परतल्या.

चित्र कोणाचं का असेना, शक्यतेच्या गणिताला ते दिसत नाही. राणीऐवजी दुरी धरा, आकडे तेच. चौघांत तेरा-तेरा पानं वाटली तर तुमच्या हाती एकही राणी न येण्याची शक्यता सुमारे ३०.४ टक्के. नेमकी एक येण्याची ४३.९, दोनची २१.३ आणि तिघींची ४.१ टक्के. चारही तुमच्याकडे येणं ३७९ डावांत सरासरी एकदा.

आता मला ज्यासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं ते सांगतो. चार राण्या, चार खेळणारे. प्रत्येकाला नेमकी एकेक राणी मिळणं किती वेळा घडावं? ऐकणाऱ्याला वाटतं, बऱ्याचदा. हिशेब करू. पहिली राणी कुठेही जाऊ दे. उरलेल्या ५१ जागांपैकी ३९ इतर तिघांच्या आहेत, त्यांतल्या एकीत दुसरी पडायला हवी. तिसरीसाठी ५० पैकी २६ जागा चालतील, चौथीसाठी ४९ पैकी १३. तिन्ही अपूर्णांकांचा गुणाकार येतो ०.१०५५. म्हणजे साधारण साडेनऊ डावांत एकदाच. समसमान वाटप हे नशिबाचं नेहमीचं वागणं नव्हे.

आमच्याकडे गौरीच्या जागरणाला मात्र ते वरचेवर घडायचं. आधी एका कॅटची रमी, मग पेंगणारी मंडळी उठली आणि चौघं उरलो की मेंढीकोट. पहिल्याच डावाला मावशी म्हणायची, "बघ, आज पण सगळ्यांना एकेक राणी!" ती ते शुभ मानायची. बरीच वर्षं मीही तसंच मानलं. पुढे हिशेब करून पाहिला तेव्हा कारण पिसण्यात सापडलं.

रमीत कुणीतरी चारही राण्यांचा सेट लावतो. पानं गोळा होतात ती तशीच, राण्या एकाखाली एक. मग आपण पिसतो, म्हणजे कॅट एका हातात धरून दुसऱ्या हातात झुपके झुपके टाकत जातो. एका फेरीत समजा आठ झुपके पडले. ५२ पानांमध्ये ५१ सांधे असतात आणि आठ झुपक्यांनी त्यांतले फक्त सात सुटतात. बाकीचे ४४ जसेच्या तसे! चार राण्यांमधले तिन्ही सांधे एका फेरीत वाचण्याची शक्यता जवळजवळ ६४ टक्के. चार फेऱ्या मारल्या तरी १६ टक्के वेळा चौघी एकत्रच राहतात. आणि मग वाटणारा एकेक पान चौघांना देत जातो. ओळीने आलेल्या चार राण्या ओळीने चौघांकडे जातात. मावशीचा शकुन तो हाच. हेच पत्ते चार-चारच्या गठ्ठ्याने वाटले, तर तोच घोळका एखाद्याच्या पदरात अख्खा पडू शकतो. मग बाकीचे तिघं वाटणाऱ्याकडे संशयाने बघतात आणि त्या बिचाऱ्याने काहीही केलेलं नसतं.

डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२मध्ये दाखवून दिलं की कॅटचे दोन भाग करून त्यांच्या कडा एकमेकांत फरफर सोडत मिसळलं, तर सातेक वेळा पुरतात. आपल्या झुपक्यांच्या पिसण्याने तेवढीच सरमिसळ व्हायला हजारो फेऱ्या लागतील. कडा सोडण्याची ती कला हाताला जमत नसेल तर पानं उलटी करून सतरंजीवर पसरायची आणि दोन्ही तळहातांनी मिनिटभर चांगली गोल गोल घोळायची. लहान मुलं तशीच पिसतात आणि आपण त्यांना ओरडतो.

अशा नीट घोळलेल्या कॅटवर एक पैज लावून बघा. अख्ख्या कॅटमध्ये कुठेतरी एखादा राजा आणि एखादी राणी अगदी शेजारी शेजारी असतील का? रंग कोणताही चालेल. समोरचा म्हणेल, छे, ५२ पानांत कुठले भेटतायत! पण राजा-राणीच्या जोड्या सोळा होतात आणि प्रत्येक जोडी शेजारी येण्याची शक्यता २६त एक. काही वेळा एकाच कॅटमध्ये अशा दोन-तीन भेटी होतात, तो दुहेरी हिशेब वजा केला की उत्तर येतं ४८.६ टक्के. जवळजवळ छापा-काटाच. पानं एकेक करून उलटताना राजा निघाला की पुढच्या पानाला हात घालण्याआधी घरातले सगळे थांबतात.